घरटी एक रुपया

निलेशने देवीच्या कपाळाला पिस्तूल लावलं. म्हणजे दिसायला पिस्तूल. खरं तर ते चांदीचा कस सांगणारं हातातलं मशीन होतं आणि ते चालवणारा माणूस त्याने मुंबईहून भाड्याने आणला होता. निलेश करंजकोंडच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी. यंदाच्या शिमग्याला नवलाईदेवीसाठी चांदीची छत्री करायचं मंडळाने ठरवलं होतं. छत्रीची चांदी रूपाच्या चांदीशी जुळायला हवी, असं याच्या डोक्यात आलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

रूप म्हणजे देवीचा चांदीचा मुखवटा. शिमग्यात तो पालखीत लावतात आणि पालखी घरोघर फिरते. नवलाईचं रूप माझ्या आजोबांनी शेहेचाळीस साली घडवलं. तेव्हा गावात चौऱ्याऐंशी घरं होती. घरटी एक रुपया काढला, आजोबांनी ते रुपये आटवले आणि रूप केलं. एक रुपया म्हणजे एक तोळा, तेव्हा रूप चौऱ्याऐंशी तोळ्यांचं, आणि थोडी घट सोडली तर आजही तेवढंच भरतं. दर फाल्गुनात त्याला उजाळा द्यायचा मान आमच्या घराचा. माझे वडील महिपतशेट अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, पण चिंच आणि रिठ्याचं पाणी घेऊन बसले की देवीचं तोंड ते लेकराचं धुवावं तसं धुतात. मला भाऊ नाही. रत्नागिरीत रामआळीतलं आमचं दुकान मी चालवते, आणि बाबांनंतर रूपाला हात कोण लावणार, यावर गावात कुजबुज असते ती मला ठाऊक आहे.

निलेश दुकानात आला तो मशीनचा कागद घेऊनच. मी चहा सांगितला तर नको म्हणाला. कपाळ, गाल आणि मागची बाजू असं तीन ठिकाणी तपासलं होतं आणि तिन्हीकडे चांदी निघाली एक्कावन्न टक्के. आमच्या पणज्यांनी राणीछाप रुपये दिले होते, त्यांत ब्याण्णव टक्के चांदी असते, असं त्याने मलाच, सोनाराच्या पोरीला, समजावून सांगितलं. वजन बरोबर आहे, मग निम्मी चांदी गेली कुठे, असं लोक विचारतायत. तो स्वतः काही म्हणत नव्हता, फक्त लोक म्हणत होते. रविवारी सहाणेवर, म्हणजे गावात पालखी टेकवायचा जो चौथरा आहे तिथे, बैठक होती. तोवर रूप पेटीत राहणार होतं, आणि उजाळ्यासाठी मुंबईच्या एका कारागिराशी बोलणं झालेलं होतं.

मला एवढा राग आला की कागद त्याच्या अंगावर फेकायचा तेवढा बाकी राहिला. पण बाबा गादीवर बसून सगळं ऐकत होते आणि त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. निलेश गेल्यावर मी त्यांना म्हटलं, काहीतरी बोला की. ते चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "हे दुकान माझ्या बापसानं त्याच साली घेतलान."

त्यानंतर माझंही डोकं फिरलं. आजोबांना मी पाहिलेलंसुद्धा नाही, पण भिंतीवरच्या फोटोतले त्यांचे बारीक डोळे मला एकाएकी लबाड दिसायला लागले. चौतीस तोळे चांदी! तेव्हाच्या भावाने ती पन्नास-साठ रुपयांची असेल, तेवढ्यात रामआळीत दुकान काय, दुकानाचा उंबरठा आला नसता. हा साधा हिशोब मी केलाच नाही. गिऱ्हाईक कानातलं हातात घेऊन जरा न्याहाळायला लागलं तरी मला वाटे, याला करंजकोंडचं कळलंय. बाबा जेवायला बसत आणि अर्ध्यावर उठत.

शुक्रवारी मी तो कागद पहिल्यांदा नीट वाचला. रागाच्या भरात मी चांदीच्या आकड्यापुढे गेलेच नव्हते. खाली लिहिलं होतं: तांबं चाळीस, निकेल पाच, जस्त चार. माझे डोळे निकेलवर थांबले. चोरी करायची तर सोनार चांदीत तांबं घालतो. शेहेचाळीस साली गावातल्या सोनाराला निकेल मिळणार कुठे, आणि तो त्यासाठी भट्टी जाळणार कशाला? दुकानात मोडीच्या डब्यात चव्वेचाळीस सालचा एक रुपया पडलेला होता, राजाच्या तोंडाचा. असल्या रुपयाला आम्ही लढाईतला रुपया म्हणतो आणि मोडीत निम्माच भाव देतो. तो घेऊन मी हॉलमार्क सेंटरला गेले. चांदी पन्नास, तांबं चाळीस, निकेल पाच, जस्त पाच.

मी तिथेच बाकावर बसले आणि हसायला लागले, आणि मग माझं हसू थांबलं.

लढाईत सरकारला चांदी पुरेना. टांकसाळीने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, वजन आणि किंमत मात्र तीच ठेवली. राणीचे जुने रुपये सरकारने परत मागवले. आता ज्याच्या हातात दोन्ही रुपये आहेत, तो कुठला रुपया खर्चून कुठला लपवील? लोकांनी राणीचा रुपया मडक्यात घातला, नाहीतर गुपचूप सोनाराकडे नेऊन त्याचे वाळे करून घेतले. त्या वर्षांत सोनारांची चलती का झाली आणि आमचं दुकान कशातून आलं, ते मला आता कळलं. आणि गावाने घरटी एक रुपया मागितला तेव्हा चौऱ्याऐंशी घरांनी देवीला कुठला रुपया दिला, तेही कळलं. आजोबांनी रुपये हातात घेताच ते ओळखलं असणार. ते कुणाला काही बोलले नाहीत.

बाबांना मी हे सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, बैठकीला मी पण येणार.

सहाणेवर पन्नासेक माणसं होती. मधोमध पेटी, तिच्याशेजारी गावप्रमुख हरिश्चंद्र गावकर. ऊन मी म्हणत होतं. मी दोन्ही कागद पुढे ठेवले, लढाईतला रुपया ठेवला आणि सांगायचं ते सांगितलं. निलेश कागद उलटसुलट करत राहिला, मशीन त्यानेच आणलेलं असल्यामुळे त्याला आकड्यांना खोटं म्हणता येईना. हरिश्चंद्र गावकरांच्या घरी दिवाळीत लक्ष्मीपुढे अकरा रुपये मांडतात, सगळे राणीछाप, आणि ते बघायला अख्खी वाडी जाते. त्यामुळे माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि ते जमिनीकडे.

शेवटी कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, देवी ती देवीच, विषय मिटला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. विषय मिटला, विषय मिटला, असं दहा तोंडांनी झालं. हरिश्चंद्रांनी पेटी उघडली, रूप दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि बाबांपुढे धरलं. दरवर्षीसारखा उजाळा करून आणा म्हणाले.

बाबांनी हात पुढे केले नाहीत.

"गावकर, आधी बोला," ते म्हणाले. "माझा बापूस चोर नव्हता, एवढंच बोला."

ते एक वाक्य म्हणायचं तर दुसरं आपोआप म्हटल्यासारखं होत होतं, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या आज्या-पणज्याबद्दल होतं. माझ्या मनात आलं, आता कुणीच बोलणार नाही, मी बाबांना घेऊन निघते. पण हरिश्चंद्रांनी रूप खाली ठेवलं नाही.

"महिपतशेट, तुमचा बापूस चोर नव्हता," ते म्हणाले. "आमच्या आज्यानं राणीचा घरात ठेवलान नि लढाईतला देवीला दिलान. तुमच्या बापसानं आमची अब्रू झाकलीन."

मला वाटलं, आता बाबा रूप घेतील. पण ते सहाणेच्या दगडावर मटकन खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडायला लागले. मी त्यांना माझी आई गेली तेव्हासुद्धा असं रडताना पाहिलं नव्हतं.

"तुम्ही परके," ते म्हणाले. "तुमच्या मनात आलं तर आलं. मी पोटचा पोर, निलेशनं कागद दाखवलान नि मी लगेच खरं मानलं. एकदासुद्धा नाही म्हटलं नाही."

हरिश्चंद्र रूप घेऊन तसेच वाकून उभे होते. बाबांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू घे. या हातांनी आता मला ते धुववणार नाही."

मी तरी कुठे आजोबांना सोडलं होतं? पण ते म्हणायला मला तोंड नव्हतं. मी पुढे झाले आणि रूप घेतलं.