उलट्या एसची लादी

अ‍ॅडलीन फ्रेटास अकरा वर्षं अमेरिकेतल्या ओकलंड शहराचे फुटपाथ वाचत होती. काँक्रीट ओलं असतानाच जुने कंत्राटदार त्यात आपल्या नावाचा नि सालाचा शिक्का दाबून ठेवायचे. असे चार हजार शिक्के हिनं खडूनं घासून, फोटो काढून वहीत उतरवले होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेली बाई, गुडघे पार कामातून गेलेले. पण शिक्का दिसला की बसलीच खाली. शेजारीण म्हणायची, "चर्चमध्ये तरी इतक्यांदा गुडघे टेकतेस का गं?"

या सगळ्या खटाटोपाचं मूळ एका लादीत होतं. तिचे वडील जोआकिम जन्मभर दुसऱ्यांच्या हाताखाली काँक्रीट घोटत राहिले. १९४७ साली एकदाच त्यांनी स्वतःच्या नावावर काम घेतलं आणि हौसेनं शिक्काही स्वतःच कोरला. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरायची असतात. बाकीची बरोबर कोरली, फ्रेटासचा शेवटचा एस तेवढा सरळ कोरून बसले, आणि फुटपाथवर तो उलटा उमटला. धंद्यातल्या लोकांनी अशी खिल्ली उडवली की बिचाऱ्यांनी पुन्हा स्वतःचं काम म्हणून धरलं नाही. त्या कामातली एकच लादी आता शिल्लक होती, एका रस्त्याच्या कोपऱ्यावर.

जूनमध्ये त्या कोपऱ्यावर पाटी लागली. चाकाच्या खुर्च्यांसाठी तिथे उतार होणार होता. अ‍ॅडलीननं घाबरून पालिकेत फोन लावला.

"लादी ठेवायची असेल तर खूण करून ठेवा," तिकडची मुलगी म्हणाली. "आमची माणसं बघतील."

अ‍ॅडलीननं त्याच दुपारी जाऊन लादीभोवती पांढऱ्या रंगाचा ठसठशीत चौकोन काढला. आठ दिवस ती निर्धास्त होती. गुरुवारी गेली, तर त्या जागी नवं काँक्रीट ओलं चमकत होतं. मुकादम टेरेल कडेला बसून डबा खात होता.

"इथली लादी कुठाय?"

"कुठली, मॅडम?"

"पांढरी खूण होती ती."

"ती होय! ती तर सगळ्यात आधी उचकटली. रस्त्यावर लाल खूण म्हणजे खाली वीज, पिवळी म्हणजे गॅस, पांढरी म्हणजे इथे खोदा. सकाळीच ट्रक गेला. एव्हाना खडी झाली असेल तिची."

लाल, पिवळा तिला ठाऊक होते. पांढऱ्याचं तिनं कधी कुणाला विचारलंच नव्हतं. अकरा वर्षं जमिनीकडे बघत फिरलेल्या बाईनं!

"खरं तर आमचं काम त्या खांबापर्यंतच होतं," टेरेलनं नकाशा उलगडून दाखवला. "ही लादी कागदावर नव्हतीच. कुणीतरी खूण करून गेलं, मला वाटलं साहेबांनी काम वाढवलं. फुकटचा व्याप. कोण शहाणा होता देव जाणे."

"मी," अ‍ॅडलीन म्हणाली.

टेरेल हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं डबा बाजूला ठेवला आणि तिला बसायला बादली पालथी करून दिली. ती बसली नाही. आपण फोन केला नसता, घरात गुडघे शेकत पडून राहिलो असतो, तर बाबा अजून इथे असते, एवढंच तिला कळत होतं.