मधल्या सुनेच्या किल्ल्या

"हवेलीतल्या मधल्या सुनेचं शेवटी काय झालं?" अक्षयने माइकवर विचारलं, आणि सदाशिवरावांनी हात वर केला. हात वर करायची त्यांना सवय होती. तरुणपणातले बहुतेक रविवार त्यांनी हात वर करूनच काढले होते.

अक्षय त्यांचा पुतण्या. नोकरी पुण्याची, पण ती हल्ली घाटंजी तालुक्यातल्या या गावात बसून करता येते, त्यामुळे गावाची संस्कृती वाचवायला त्याच्याकडे बराच वेळ उरतो. जुन्या टीव्ही मालिकांची प्रश्नमंजूषा त्यानेच भरवली होती. मारोतीच्या देवळाचा सभामंडप, रविवारची सकाळ, पहिलं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ, उत्तेजनार्थ स्टीलचा डबा. बातम्या सांगणाऱ्या बाईचं फूल डाव्या कानामागे असे की उजव्या, यावरून दोन म्हाताऱ्यांनी अबोला धरला होता. साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचं लुगडं हिरवं होतं, असं तिसऱ्याने शपथेवर सांगितलं. टीव्ही काळा-पांढरा होता, ही गोष्ट कुणी काढली नाही.

"बोला, मोठेबाबा."

"सासूनं तिच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देल्या," सदाशिवराव म्हणाले. "तिले लेकरू नव्हतं, म्हणून पोराचं दुसरं लगन लावाले निंगाली होती सासू. तं नवरा म्हणे, हे घर हिच्यापासून आहे. दुसरी आणाची असंन, तं पह्यले माह्यं अंथरूण आंगनात टाका."

मंडपात हशा पिकला.

"काहून हासून राह्यले बे?"

"मोठेबाबा, तिनं विहिरीत उडी घेतली. नवरा काहीच बोलला नाही. मी कालच पाहिलं, सगळे भाग मोबाइलवर आहेत."

पुरावा म्हणून अक्षयने तो भाग पांढऱ्या चादरीवर लावला. विहिरीचा काठ, काठावर काढून ठेवलेल्या बांगड्या आणि वरून फिरणारा एक पक्षी. त्याआधी क्षणभर मधली सून दिसली. सदाशिवराव तिला पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना वाटलं होतं ती उंच असेल. आणि तिचं नाक आपल्या बायकोसारखं, मैनाबाईंसारखं असेल, असं ते का धरून चालले होते, कोण जाणे.

त्यांनी ती मालिका कधी पाहिलीच नव्हती. पंचक्रोशीत टीव्ही एकच, बंजाऱ्यांच्या तांड्यावर शंकरसिंग नाईकांकडे. ॲन्टिनाचा बांबू स्लॅबवर सैल उभा असे आणि कुणाला तरी तो धरून उभं राहावं लागे. सदाशिवराव एकदा सहज वर गेले, खालून "आलं, आलं" असा गजर झाला, आणि त्या दिवसापासून ते काम त्यांचं झालं. ज्याच्या हाताने चित्र येतं, त्याला चित्रापुढे बसवण्याइतका गाव खुळा नव्हता.

त्यामुळे टीव्ही म्हणजे काय, असं विचारलं असतं तर त्यांनी वेगळंच सांगितलं असतं. बोंडं फुटलेल्या कपाशीचा लांबवर पांढरा पसारा, पळसावर उतरणारे पोपट, तळहाताला लागणारी बांबूची थरथर. वारा सुटला की खालून "गेलं, मुंग्या आल्या," अशी हाक येई. ते बांबू जरासा फिरवत, आणि जग पुन्हा जागेवर येई.

गोष्ट त्यांना परतीच्या वाटेवर कळायची. नाल्याच्या पायवाटेने ते पुढे चालत, मैनाबाई दोन पावलं मागून सांगत येत. घरी गेल्यावर त्या तीच गोष्ट रुक्माबाईंना, म्हणजे सासूला, पुन्हा सांगत. रुक्माबाईंचे गुडघे तांड्यापर्यंत जायचे नाहीत, पण मालिकेवर त्यांचा भरवसा पोथीइतकाच होता. "सरकारचा टीव्ही आहे," त्या म्हणत. "सरकार खोटं कायले सांगन?"

मैनाबाईंना मूल होत नव्हतं. उमरखेडकडची एक मुलगी रुक्माबाईंनी पाहून ठेवली होती आणि दिवाळीनंतर ती माणसं घर बघायला येणार होती. यावर सदाशिवरावांचं म्हणणं काय, हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. ते छतावर होते.

मग तो किल्ल्यांचा भाग झाला. त्या रात्री जेवताना रुक्माबाईंनी पहिल्यांदाच विचारलं, "तुयं काय म्हननं आहे रे?" आणि सदाशिवरावांच्या तोंडून हवेलीतल्या नवऱ्याचं बोलणं जसंच्या तसं बाहेर पडलं. अंथरूण अंगणात टाका. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. टीव्हीवरचा माणूस बोलला, म्हणून आपणही बोललो, असं ते पुढे जन्मभर मानत आले. दुसऱ्या दिवशी रुक्माबाईंनी उमरखेडला निरोप धाडला की येऊ नका. मूल पुढेही झालं नाही. दुसरी बाई मात्र घरात आली नाही.

प्रश्नमंजूषा आवरता आवरता लाइट गेली. माइक मुका झाला. उत्तेजनार्थ डबा घेऊन सदाशिवराव निघाले, तेव्हा देवळाच्या पायरीवर जमनाबाई बसल्या होत्या, शंकरसिंगांच्या मंडळी.

"भाऊ, बसा घडीभर," त्या म्हणाल्या. "इहिरीच्या भागाले तुमी वर होते. खाली आमी साऱ्या बाया रडून राह्यलो होतो. मैना रडे ना. भिंतीकडं पाहून राह्यली होती. म्या म्हटलं, बाई, घरी सासूले काय सांगशीन? तं म्हने, किल्ल्या देल्या, असं सांगतो."

सदाशिवराव डब्याचं झाकण काढून पुन्हा लावत राहिले.

"अन् तो नवरा? आंगनात अंथरूण?"

"तो तिच्याच मनचा. टीव्हीवरच्याच्या तोंडात मूग होते." जमनाबाईंनी पदर सावरला. "मंग आमी साऱ्याइनं तेच सांगतलं. तुमची माय लय हुशार, तिनं मले इचारलंच. म्या म्हटलं, माह्या याडीची आन, किल्ल्याच देल्या."

"मायची खोटी आन घेतली तुमी?"

"ते मरून गेलती. तिले काय फरक पडते?"

"अन् मानसं? त्याइनं बी तं पाह्यलं होतं."

"त्याइच्या भाकरी आमच्या हाती होत्या, भाऊ."

घरी मैनाबाई ओसरीत तूर निवडत होत्या. सकाळी कार्यक्रमाचं नाव ऐकून "तुमी तरी कायले जाता?" असं त्या म्हणाल्या होत्या. आता त्यांनी मान वर केली नाही.

"काय काय इचारलं?"

"हवेलीचं इचारलं. मधल्या सुनेचं काय झालं म्हने."

सुपातला हात थांबला.

"मंग? तुमी काय सांगतलं?"

"किल्ल्या भेटल्या, म्हटलं." सदाशिवरावांनी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "बरोबर निंगालं. हे बक्षीस."

मैनाबाईंनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला. तळाला कागदी चिठ्ठी होती, 'उत्तेजनार्थ'. ती त्यांनी वाचली. नखाने सोलून सुपाच्या कडेला, खड्यांच्या ढिगात टाकली.

"झाकन चांगलं आहे," त्या म्हणाल्या.

मग सदाशिवराव म्हणाले, "सकाळी माकडं खेळत होती वर. डिश हालवली असंन त्याइनं. पाहून येतो."

शिडी ते सावकाश चढले. ऊन उतरणीला लागलं होतं. कपाशी तशीच होती, थोडी दूर गेल्यासारखी. डिश जागच्या जागी होती, तिला काही झालं नव्हतं. तरी त्यांनी दोन्ही हात वर करून ती धरली आणि जराशी फिरवली.

"आलं का?"

गावात अजून लाइट आली नव्हती. खाली घरात टीव्ही काळा होता. तूर पाखडल्याचा आवाज बंद झाला. उठताना मैनाबाईंच्या गुडघ्यांनी केलेली कुरबुर त्यांना वरपर्यंत ऐकू आली, मग टीव्हीच्या खोलीकडे जाणारी पावलं.

"आलं," खालून उत्तर आलं. "आता हालवू नका."

त्यांनी हलवलं नाही.