बिनकाट्याचा हलवा

"चोवीस तारखेला भट्टी दोन तास सलग चालव. नाही चालली तर प्रबंधाचा विषय बदलायचा," मार्गदर्शक सर म्हणाले आणि विषयबदलाचा अर्ज त्यांनी टेबलावरून पुढे सरकवला.

क्षितिजानं अर्जाकडे पाहिलं, पण हात लावला नाही. "दोन तास चालेल, सर," एवढंच म्हणून ती उठली. दोन तास सोडा, तिची भट्टी आजवर एकदाही दहा मिनिटांपलीकडे गेली नव्हती.

संस्थेत जागा मिळेना, म्हणून भट्टी भाईंदर पूर्वेला हरिश्चंद्रकाकांच्या वेल्डिंगच्या गाळ्यात उभी होती. आजूबाजूला सगळे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने. भट्टी म्हणजे वर-खाली एकमेकांना जोडलेले दोन उभे पाइप. एकात हवा सोडायची, दुसऱ्यात जळणाचा गॅस. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, हीच सगळी युक्ती. मध्ये लोखंडाच्या गंजाचे दाणे फिरत राहणार, हवेतला प्राणवायू उचलून पलीकडे गॅसला देणार आणि रिकामे होऊन परत येणार. हवा मिसळलीच नाही, तर गॅसच्या धुरात उरतात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ, बस. वाफ थंड करून पाणी काढलं की तो वायू आकाशात न सोडता धरून ठेवता येतो.

"म्हणजे रहाटच की ओ, ताई," काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते मूळचे गुहागरकडचे. "गाडगी भरून वर, ओतून खाली. पाण्याच्या जागी हवा, एवढंच."

अडत होतं गाडग्यांपाशी. दुकानातला गेरू म्हणजे गंजच, पण तो एक तर पिठासारखा उडून जायचा, नाही तर तापून त्याचं ढेकूळ व्हायचं. एकसारखे, टणक दाणे परदेशातून मागवायचे तर सहा महिने लागणार.

घरी, भाईंदर पश्चिमेला, आई शेगडीपुढे बसली होती. समोरच्या इमारतीतल्या नव्या सुनेची पहिली संक्रांत होती आणि तिच्या हलव्याच्या दागिन्यांचं काम आईकडे, म्हणजे अनसूयाबाईंकडे आलं होतं. परातीत खसखस, खाली मंद निखारे. चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी दाणे फिरवायचे, पुन्हा चमचाभर पाक. क्षितिजा दारातच थांबली. परातीतले दाणे सगळे एका मापाचे होते.

"आई, खसखशीऐवजी एमरी घातली तर? भांड्यांना पॉलिश करायला वापरतात ती बारीक कच. आणि पाकाऐवजी गेरू आणि चिकणमाती कालवून?"

"माझ्या परातीत गंज?"

"जुन्या परातीत."

"आणि खाणार कोण?"

"भट्टी."

"मग हरकत नाही. ती निदान नावं तरी ठेवायची नाही."

पाच दिवस अनसूयाबाईंनी जीव ओतून हलवा केला. विटकरी रंगाचा, नाजूक, आणि प्रत्येक दाण्यावर टपोरा काटा. चाळीस वर्षं त्यांचं नाव होतं ते त्या काट्यासाठीच. काकांनी दाणे शेजारच्या कारखान्यातल्या भट्टीत भाजून पक्के करून दिले. पहिल्या चाचणीला अनसूयाबाई चांगली साडी नेसून गाळ्यात आल्या, स्टुलावर बसल्या.

बाराव्या मिनिटाला वरच्या नळीतून लाल धुरळा उडाला. काकांचं डोकं, स्टूल, साडी, सगळं गेरूनं माखलं. आत पाहिलं तर दाणे शाबूत होते, काटे तेवढे एकमेकांवर घासून मोडले होते आणि त्यांच्याच भुकटीनं वाट बुजली होती.

क्षितिजानं सरांना फोन करून जे झालं ते सांगितलं. ते हसले. गाळ्याच्या शांततेत त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "अगं, रिअॅक्टर असे स्वयंपाकघरातून चालत नसतात. अर्ज भरून टाक."

घरी आल्यावर क्षितिजा म्हणाली, "आई, बिनकाट्याचा करता येईल?"

"बिनकाट्याचा हलवा म्हणजे बिघडलेला हलवा."

"मग बिघडव."

"माझ्या सासूनं तीन वर्षं हातावर चमचा मारून मला तो न बिघडवायला शिकवलंय," अनसूयाबाई तडकल्या. मग पदरावरच्या लाल डागाकडे बघत राहिल्या. "स्वयंपाकघर म्हणाला ना तो? आण ती परात. घड्याळ घेऊन बस आणि मी करीन ते सगळं लिहून काढ. उद्या कुणी म्हणायला नको, बाईच्या हाताला यश होतं म्हणून."

काटा यायला मंद आच लागते, थेंबाथेंबानं पाक लागतो आणि सबुरी लागते. त्यांनी सगळं उलट केलं. पाक पातळ, एकदम दोन चमचे, आणि बोटांऐवजी तळहातानं दाबून रगडणं. काटा डोकं वर काढू लागला की अनसूयाबाई "हं, चढलास का?" म्हणत त्याला मोडायच्या. क्षितिजा मिनिटं, चमचे, परातीचं तापमान लिहीत होती. शेवटच्या घाण्याला तिनं आईला उठवलं आणि वहीत बघून स्वतःच केला. आईनं एक आपला आणि एक तिचा, असे दोन्ही दाणे चष्म्याजवळ धरले. "तुझाही तितकाच बिघडलाय," त्या म्हणाल्या. त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

चोवीस तारखेला सकाळी सर आले. अर्ज बॅगेत होताच. क्षितिजानं स्वतः केलेला, भाजून आणलेला घाणा भट्टीत भरला, आईचा बाजूला ठेवला. पाइप तापले, आत दाण्यांची सळसळ सुरू झाली. बारा मिनिटं झाली. काकांनी सवयीनं डोक्यावर फडका घेतला, पण वरून काही उडालं नाही. तासाभरानं मोजणीच्या यंत्रावर आकडा आला. पाणी काढल्यावरच्या वायूत त्र्याण्णव टक्के कार्बन डायऑक्साइड.

सरांनी आकडा दोनदा पाहिला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिला.

"चांगलं आहे," ते हळूच म्हणाले. "विषय राहू दे. फक्त प्रबंधात ते परात वगैरे नको. 'फिरत्या पात्रात कणनिर्मिती' असं लिही."

"पात्र फिरत नव्हतं, सर. हात फिरत होता. परातच लिहिणार."

"समिती हसेल."

"हसू दे. वही देईन त्यांना. करून बघा म्हणेन."

सर अनसूयाबाईंकडे वळले. त्यांना वाटलं असावं, वडीलधारं माणूस मुलीला समजावेल. अनसूयाबाई म्हणाल्या, "खालचे निखारेही लिही गं. कोळसा कुठला तेसुद्धा."

घड्याळात दोन तास पुरे झाले. सरांनी हात वर केला. "झालं. करा बंद."

काकांचा हात कॉम्प्रेसरच्या बटणाकडे गेला.

"काका, नका," क्षितिजा म्हणाली. "दोन तास तुमचे होते, सर. दाणे अजून तुटलेले नाहीत. ते कधी तुटतात ते बघितल्याशिवाय मी बंद करणार नाही."

काकांनी बटणावरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हात मागे बांधले. पाइपातली सळसळ चालूच होती.

"मग मला एक स्टूल द्या," सर म्हणाले.