तेविसावा फर्मा

जग पंधरा डिसेंबरला बुडणार, ही बातमी पहिल्यांदा फुटली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्या बिचाऱ्या तसं काही म्हणाल्याही नव्हत्या. एकाची दाढ काढायला सोळा डिसेंबरची वेळ द्यायची म्हणून त्यांनी विमा कचेरीने भेट दिलेली डायरी उघडली, पानं उलटत पंधरा तारखेपर्यंत आल्या, तर पुढे काहीच नाही. डावीकडे पंधरा डिसेंबर, उजवीकडे कोरा कागद आणि त्यामागे पुठ्ठा. "अगंबाई, इथे तर वर्षच संपलं!" एवढंच त्या बोलल्या. पेशंटच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे त्याला काही विचारता आलं नाही, पण कान उघडे होते. दवाखान्यातून सुटल्यावर तो तडक सलूनमध्ये गेला.

सलूनवाल्याने आपली डायरी काढली. तीही पंधरालाच संपलेली. दाढीसाठी बसलेले दोघं घरी जाऊन बघून आले, त्यांच्याही तशाच. मग काय विचारता!

"एकाची पानं गळाली असती तर गोष्ट वेगळी," सलूनवाला वस्तरा हवेत धरून म्हणाला. "सगळ्यांची कशी गळतील? आणि डायरी दिली कोणी? विमावाल्यांनी! माणूस कधी जाणार याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असतो? त्यांनी पुढची पानं लावलीच नाहीत, यातच काय ते समजा."

यावर कोणालाच उत्तर सुचलं नाही, आणि ज्यावर आपल्याला उत्तर सुचत नाही ते खरंच असणार, अशी माणसाची जुनी समजूत आहे. नोव्हेंबर अर्धा झाला होता. आठवड्याभरात साऱ्या वस्तीला ती तारीख तोंडपाठ झाली.

विश्वास कोणी ठेवला म्हणाल, तर ज्याला त्या तारखेचा काही ना काही उपयोग होता त्याने. वीस डिसेंबरला परीक्षा असलेल्या पोरांनी तर लगेच ठेवला. वजन कमी करायचं ठरवून बसलेल्या बँकेतल्या कारकुनाने ठेवला आणि त्याच दिवशी दोन वेळा केक खाल्ला. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी मात्र कागद-पेन्सिल घेऊन रीतसर ठेवला. त्यांनी वर्षाच्या आकड्यांची बेरीज केली, तिला बाराने गुणलं, उत्तर जमेना तेव्हा त्यातून स्वतःचं वय वजा केलं आणि पंधरा आणून दाखवले. मास्तरांचा शब्द वजनदार होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नाक्यावरचा पूल पडेल असं सांगितलं होतं आणि तो पडला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली होती, पण फांदीपेक्षा कावळाच लोकांच्या जास्त लक्षात राहतो.

शंका घेणारी एकटी इस्त्रीवाली. "मी अशी चार बुडणं पाहिलीत," ती म्हणाली. "चारही वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे आलेच." पण सकाळच्या कपड्यांत थरार कसला! तिचं कोणी ऐकलं नाही.

हीच इस्त्रीवाली एका दुपारी ती डायरी घेऊन बाइंडिंगच्या दुकानात आली. दुकान धाकटीचं. दोघी बहिणींतली ती लहान, म्हणून वडील धाकटी म्हणायचे. ते गेले, नाव राहिलं. पन्नाशी आली तरी ती धाकटीच. तिने लग्न केलं नाही. कामातून सवड मिळाली नाही, असं ती सांगायची आणि लोकही पुढे विचारत नसत.

"ही तूच बांधलीस ना गं?" इस्त्रीवालीने डायरी टेबलावर टाकली. "बघ बाई, जग कुठे बुडतंय ते."

धाकटीने डायरी हातात घेऊन शेवट बघितला. तिला एका क्षणात सगळं कळलं.

त्या डायरीचे तेवीस फर्मे होते. फर्मा म्हणजे छापील मोठा कागद घडी घालून झालेली सोळा पृष्ठं. एका पृष्ठावर एक दिवस, आणि शेवटच्या फर्म्यात सोळा डिसेंबर ते एकतीस. हे तेवीस फर्मे ढिगाने मांडायचे, लांब टेबलाभोवती फिरत प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा, फेरी पुरी झाली की एका डायरीची पानं जुळली. तिच्या टेबलावर बावीसच ढीग मावायचे. तेविसावा ती स्टुलावर ठेवायची. शेवटच्या दोनशे डायऱ्या, याच वस्तीत वाटायच्या, राहिल्या असताना विमा कचेरीचे साहेब काम कुठवर आलं ते बघायला आले. साहेबांना उभं कसं ठेवायचं? तिने स्टुलावरचा ढीग उचलून कपाटावर ठेवला आणि त्यांना बसायला दिलं. साहेब गप्पा मारत तासभर बसले. ती बोलता बोलता टेबलाभोवती फिरत राहिली, बावीस उचलत राहिली. ते गेल्यावरही तशीच.

बरं, चूक पकडायची सोय नव्हती असंही नाही. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक छोटी काळी खूण छापलेली असते, दर फर्म्यागणिक थोडी खाली. सगळे जुळवले की पाठीवर खुणांचा जिना दिसतो. मधला फर्मा राहिला तर जिन्यात खड्डा पडतो आणि आंधळ्यालाही कळतं. शेवटचाच राहिला, तर खड्डा पडत नाही. जिना एक पायरी आधी थांबतो, इतकंच. तीस वर्षांच्या सवयीने तिची नजर खड्डा शोधत होती.

इस्त्रीवाली गेल्यावर ती खुर्चीवर चढली. कपाटावर दोनशे फर्मे धूळ खात पडले होते. तिला हसू आलं, मग भीती वाटली, मग परत हसू आलं. आपण जग बुडवलं, तेही साहेबांना स्टूल देण्यापायी! संध्याकाळी सलूनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकायचं तिने ठरवलं. हसतील, हसू देत.

ती खुर्चीवरून उतरते न उतरते तोच दारात थोरली उभी.

थोरली म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. राहायला दोन गल्ल्या पलीकडे, आणि अकरा वर्षांत या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. वडील गेले त्या दिवशी ती उशिरा पोचली होती आणि धाकटी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली होती, "आता कशाला आलीस? पाहुण्यांची वेळ संपली." बोलून गेली. त्या एका वाक्याचा तिला अकरा वर्षं पश्चात्ताप होत होता. रस्त्यात समोरासमोर आल्या की दोघी दुकानांच्या पाट्या वाचू लागायच्या.

"जग बुडणार म्हणतात," थोरली आत न येता म्हणाली. "म्हटलं, त्याआधी एकदा येऊन जावं."

"ये ना, ताई," धाकटी म्हणाली.

"चहा आहे का?"

"करते."

झालं. सलूनमध्ये जायचं राहिलं ते राहिलंच. तुम्हीच सांगा, कोणत्या तोंडाने सांगायचं, की ताई, जग काही बुडत नाही, तू आपली घरी जा?

थोरली दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी तिने न विचारता सुई-दोरा घेतला. लग्नाआधी तीही इथेच काम करायची आणि खरं सांगायचं तर तिचा हात धाकटीपेक्षा चांगला होता. "काय गं ही शिलाई? पुस्तक शिवतेस की पोतं?" ती म्हणायची. धाकटी खूश होऊन शिव्या खायची. अकरा वर्षांत तिच्या कामाला नावं ठेवणारं हक्काचं माणूस उरलं नव्हतं. दुपारभर दोघी समोरासमोर बसायच्या, नवऱ्याच्या घोरण्यापासून सुनेच्या मोबाइलपर्यंत सगळं बोलायच्या, आणि त्या एका दिवसाबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. धाकटी रोज मनात म्हणायची, पंधरा तारखेपर्यंत तरी असू दे. सोळाचं सोळाला बघू.

पण सोळापर्यंत थांबता आलं नाही. मास्तर आडवे आले.

मास्तर शेजारच्याच घरात राहायचे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. मोठ्या मिनतवारीने अठरा डिसेंबरला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. दहा तारखेला ते काठी टेकत दुकानात आले आणि हसत हसत म्हणाले, "फोन करून रद्द करून टाकणार आहे उद्या. जग पंधराला आटोपणार, मग अठराला डोळे उघडून बघायचं काय? दुसऱ्या कोणाला तरी मिळेल."

"अहो मास्तर, दुसऱ्याचं जग काय एकोणीसला बुडतंय?" धाकटी म्हणाली.

मास्तर यावर विचार करत उभे राहिले, मग दार समजून कपाटाकडे निघाले. थोरलीने त्यांना हाताला धरून बाहेर पोचवलं.

धाकटीला राहवेना. ही तारीख गेली तर पुढची चार महिन्यांनी मिळणार होती, आणि आजच मास्तर कपाटातून घरी निघाले होते. थोरली आत आली तेव्हा ती हातातलं काम टाकून बसली होती.

"ताई, एक सांगायचंय. ऐकलंस की तू येणार नाहीस परत. पण सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. साहेब, स्टूल, कपाट, जिना. "पहिल्याच दिवशी सांगणार होते गं. तेवढ्यात तू दारात. मग मला सांगवेना."

थोरलीने शांतपणे दोरा ओवला. "झालं सांगून?"

"हो."

"मला माहीत होतं."

"काय?"

"अगं, मलाही डायरी आली ना. लोक ओरडायला लागले तशी मी पाठीची पट्टी सोलून बघितली. बावीस पायऱ्या. म्हटलं, धाकटीने स्टुलावरचा ढीग कुठेतरी उचलून ठेवलेला दिसतोय. बाबांच्या वेळी मी दोनदा हेच केलं होतं, आठवतंय का?"

धाकटीने विचारलं, "मग तू... जग बुडणार म्हणून आलीस ना?"

"येण्यासाठी काही सांगायला नको? अकरा वर्षं शोधत होते. तुझा वाढदिवस पुरेना, माझ्या मुलाचं लग्न पुरेना. जग बुडतंय म्हटल्यावर तू मला दारातून हाकलणार नाहीस, एवढी खात्री वाटली."

"ताई, मी त्या दिवशी जे बोलले—"

"आत्ता नको," थोरली घाईघाईने म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आधी मास्तरांचं बघू. ऊठ."

मास्तरांना चूक समजावून सांगणं सोपं नव्हतं. फर्मा समोर धरला तर ते म्हणाले, "मला दिसत नाही." हाताला लावून दाखवला तर म्हणाले, "बरोबर आहे, पण तेवीसमधला नेमका शेवटचाच का राहिला? तुझ्या हातून तो कोणीतरी वगळवून घेतला!" धाकटीने कपाळावर हात मारला. आपण केलेली चूकसुद्धा लोक आपली मानत नाहीत, याला काय म्हणावं!

तेव्हा थोरली पुढे झाली. "मास्तर, जग पंधराला बुडणार असेल तर अठराचं ऑपरेशन आपोआपच रद्द होतंय. मग फोनचा खटाटोप कशाला? उलट नाहीच बुडालं, तर बेरीज कुठे चुकली ते शोधायला डोळे लागतील."

मास्तरांनी हे मनातल्या मनात दोनदा तपासलं. "तर्क शुद्ध आहे," ते म्हणाले. फोन झाला नाही.

पुढचे चार दिवस दोघी घरोघर फिरून डायऱ्यांना तेविसावा फर्मा चिकटवत होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर तिथल्या तिथे सहा दाढा लिहून टाकल्या. कारकून जरा हिरमुसला. सलूनवाला म्हणाला, "मला पहिल्यापासून शंका होतीच." पंधरा तारीख आली आणि एक दाढी अर्धवट असताना वीज गेली, त्यापलीकडे काहीही न घडता निघून गेली.

सोळाला धाकटीने नेहमीपेक्षा लवकर दुकान उघडलं. खरी धाकधूक तिला आज होती. डायऱ्या दुरुस्त झाल्या होत्या, मास्तरांचं मार्गी लागलं होतं, जग जागच्या जागी होतं. थोरलीला इकडे यायला आता काही कारण उरलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी निघताना ती "येते" म्हणाली होती, पण तसं सगळेच म्हणतात. दोन वाजले, अडीच वाजले. धाकटीने एकच कागद तीनदा घडी घालून तीनदा उलगडला. मग स्वतःवरच चिडली आणि उठून दोन गल्ल्या पलीकडे जायला चप्पल शोधू लागली. अकरा वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही, याचा तिला मनापासून राग आला.

चप्पल पायात घालते तोच थोरली दारात. घामाघूम, हातात पिशवी.

"कुठे निघालीस?"

"तुझ्याकडे," धाकटी म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "ताई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं. तू पाहुणी नव्हतीस गं कधी."

थोरलीने पिशवी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं. पुसायला जरा जास्तच वेळ लागला.

"आज सांगण्यासारखं काही कारण नाही हं माझ्याकडे," ती म्हणाली. "नुसतीच आलेय."

"बरं झालं," धाकटी म्हणाली, आणि चप्पल काढून चहा ठेवायला आत गेली.