बावीस दात्यांची चकरी

सोपानने मागच्या चाकाची चकरी बोटाने फिरवत दाते मोजले. अठरा.

सायकल पाववाल्याची होती, आणि भाजलेला पाव तळहातावर ठेवला तर वजन जाणवतही नाही.

सप्टेंबर बेचाळीस. घाटात कुणीतरी तारा तोडल्या, त्याला आठ दिवस झाले होते.

लोणावळ्याच्या बाजारात सोपानच्या सायकलच्या दुकानापुढे हवालदार दिवसातून दोनदा थांबे. एकदा हवा भरायला, एकदा उगाच.

"मोठी चकरी बसव," अल्लाबक्ष म्हणाला. "चढाला बरी पडंल."

सोपानने मान वर केली. अल्लाबक्ष बेकरीचा पाववाला. कॅरियरवर पत्र्याची पेटी बांधून वीस वर्षं तो तुंगार्लीच्या बंगल्यांना पाव पोचवत होता. आज पेटी त्याने स्वतःच उतरवली आणि तिच्यावर बसला. सोपान ती बाजूला घ्यायला गेला, तर त्याने झाकणावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. हितंच बरी हाय."

"वीस वर्सं अठरावर चढलात की, भाऊ. आत्ताच काय झालं?"

"तुला काय करायचंय? हाय का न्हाई तेवढं सांग."

"हाय, बावीस दात्यांची. पण सपाटीला नुसते पाय फिरतील. बाजार हसंल."

"हसू दे बाजाराला."

सोपान पान्याने नट सैल करू लागला. चढ तोच. पावही तेवढेच. मोठी चकरी लागते ती ओझं ओढायला, आणि पावाचं ओझं ते काय? कागद मात्र जड असतो. चोरून छापलेली पत्रकं बंगल्याबंगल्यांत सापडतात, असं बाजारात लोक कुजबुजत होते. त्याने पेटीकडे पाहिलं. अल्लाबक्षने पाय जवळ घेतले.

चकरी बसली. साखळीत दोन कड्या वाढवाव्या लागल्या.

निघताना अल्लाबक्ष खाली वाकला, साखळी बघितल्यासारखं करत म्हणाला, "कुणाला बोलू नगंस. आमच्या मालकाला तर न्हाईच."

"व्हय."

आता सोपानला शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदाराच्या चाकात तो हवा भरत होता.

"काय रे, त्या पाववाल्याच्या मागं एवढी मोठी चकरी कशाला? काय वाहतो तो?"

सोपानचा पंप मध्येच थांबला. पेटी उघडली गेली, तर म्हातारा थेट येरवड्याला जाणार. आणि चकरी बसवणाराही.

"काय वाहणार, साहेब?" त्याने पुन्हा पंप दाबला. "दम राहिला न्हाई त्याच्यात. अर्ध्या चढावर छातीचा भाता व्हतो. पाव पोचंपर्यंत शिळा व्हतो म्हणं!"

हे सगळं त्याने जागच्या जागी रचलं. हवालदार मोठ्याने हसला.

"तरीच! तरीच साहेबांच्या चहाला पाव नसतो."

तो हसतच बेकरीकडे गेला. सोपानने कपाळ पुसलं. खोटं झकास जमलं होतं. पुढचे दोन दिवस पेटीला कुणी हात लावला नाही.

शनिवारी अल्लाबक्ष सायकल हातात धरून चालत आला. कॅरियर मोकळं होतं.

"जुनी चकरी हाय का रे? तीच बसव परत. इकायचीय सायकल."

"का, भाऊ?"

"मालकानं दुसरा माणूस ठेवला. कुणीतरी त्येच्या कानावर घातलं, मला दम लागतो म्हणून." तो टेकायला जागा शोधत होता. शेवटी उंबऱ्यावर बसला. खांदे बराच वेळ वर-खाली होत राहिले. "तू न्हाई बोलायचास. ते ठावं हाय मला."

सोपान डबा उपडा करून जुनी चकरी शोधू लागला. ती त्याच्या गुडघ्यापाशीच पडली होती. तरी तो शोधत राहिला.

"सावकाश बघ," अल्लाबक्ष म्हणाला. "मला घाई न्हाई."

मोठी चकरी बसवायला सायकल दुकानात आणली, त्याच्या आदल्या दिवशी अल्लाबक्ष तुंगार्लीच्या चढावर दम घ्यायला तीनदा सायकलवरून उतरला होता. आणि तिन्ही वेळा, आधी मागे वळून, कुणी बघत नाही ना हे पाहून.