ताईने न वाचलेलं प्रकरण

तामोत्सु ओगिहारांच्या रहस्यकथांतला खुनी वाचकाला शेवटच्या पानापर्यंत सापडत नसे, आणि त्याचा त्यांना भारी तोरा होता. टोकियोच्या पुस्तकदुकानांत त्यांच्या नावाचं वेगळं फडताळ असे. पण आज इझूच्या डोंगरात, थोरल्या बहिणीच्या सरायीत जेवायला बसताना त्यांना मान वर करवत नव्हती. उद्या सराय कायमची बंद होणार होती.

आणि त्याला कारण ते स्वतःच होते. त्या काळी ज्या गावावर रहस्यकथा निघे, तिथे वाचकांच्या झुंडी लोटत. फुकिएताईचं भलं व्हावं म्हणून त्यांनी तिच्याच सरायीच्या गरम पाण्याच्या कुंडात प्रेत तरंगवलं. नाव तेवढं बदललं. गळा आवळलेला ओल्या टॉवेलने, आणि खुनी मालकीण. टॉवेलला दोनदा पीळ द्यायची ताईची सवयसुद्धा जशीच्या तशी उचलली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! लोक आले, दारात फोटो काढले आणि शेजारच्या सरायीत उतरले. गावातली पोरं ताईला बघून गळा धरून पळू लागली. ताईने कधी चकार शब्द काढला नाही. तामोत्सुंनीही विचारलं नाही. भित्रेच होते ते.

ताईने गरम टॉवेल पिळून पुढे केला. "हात पूस. गळ्याकडे नाही नेत, भिऊ नकोस."

"ताई, चुकलो मी. टोकियोला चल, माझ्याकडे राहा."

"ते पुस्तक मी वाचलंय रे, शेवटचं प्रकरण सोडून. सगळे सांगायचे, मालकीणच खुनी. मी म्हणायची, छे, आमचा तामो असं लिहायचा नाही. आता तूच सांग, दुसरं कुणीतरी असेल ना?"

खोटं रचणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी तोंड उघडलं. पुस्तकातला डॉक्टर? तो खुनाच्या वेळी आगगाडीत होता, तिकीट तपासनिसाने त्याला पाहिलं होतं. माळी? त्याचा हात मोडलेला. मालकिणीचा नवरा? त्याला तर दुसऱ्या प्रकरणातच मारून टाकलं होतं. एकेक दार त्यांनी स्वतःच, मोठ्या हौसेने बंद केलं होतं. ताईला सुटायला कुठे फटसुद्धा ठेवली नव्हती.

"ताई..." ते म्हणाले, आणि टॉवेलची घडी घालू लागले.

ताईने त्यांच्या वाडग्यात भात वाढला.

"जेव, निवतोय," ती म्हणाली. "टोकियोला नको. मी इथेच बरी."