फितीतल्या हालिनाबाई

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. लंडनच्या ईलिंग भागात, बेरिलबाईंच्या दिवाणखान्यात माझे आयुष्य गेले. सिनेमातल्या इंग्रज नटांना परदेशी माणसांच्या ढंगाने इंग्रजी बोलायला त्या शिकवत. ज्या देशाची भूमिका असेल, तिथल्या एखाद्याला चहाला बोलावत आणि त्याचे बोलणे माझ्या फितीवर उतरवून घेत. नट ते पुन्हा पुन्हा ऐकत. बाई मला मऊ फडक्याने पुसत.

शेजारच्या हालिनाबाई पियानो शिकवत. त्या तरुणपणी पोलंडहून आलेल्या. एकदा चहाला आल्यावर त्यांनी इंग्रजीत आईच्या हातच्या बिटाच्या साराची आठवण सांगितली, ती मी दिवा जपावा तशी जपली.

पुढे क्लाइव्ह नावाच्या नटाला पोलिश बापाची भूमिका मिळाली. ती फीत ऐकून तो र घोळवू लागला, शब्द मोडू लागला, खांदे उडवू लागला. केकची ताटली परत द्यायला आलेल्या हालिनाबाई दारातच थांबल्या.

"ही मी होय?"

"अहो, तुमच्यापेक्षा पोलिश झालोय मी," क्लाइव्ह हसला.

"झालात खरे. आमच्यात असं कुणीच बोलत नाही. बेरिल, माझा आवाज पुसून टाक."

बेरिलबाईंचे बोट माझ्या लाल बटणावर आले. पुसणे हेही माझेच काम. मला नाही म्हणता येत नाही.

"एकदाच ऐकू द्या," क्लाइव्ह म्हणाला. या वेळी फितीबरोबर त्याने नक्कल केली नाही. फितीत हालिनाबाई एका शब्दावर अडल्या, मागे गेल्या, तो पुन्हा म्हणाल्या.

"इथे का थांबलात?"

"नीट बोलायचं असतं म्हणून. इतकी वर्षं मी तुमच्यासारखंच बोलायला बघतेय. जमत नाही तेवढंच तुम्हाला ऐकू येतं."

क्लाइव्हने भूमिकेचा कागद उचलला. मग मुलीला घरी बोलावणाऱ्या बापाचे शब्द त्याने अगदी शुद्ध इंग्रजी बोलायची धडपड करत म्हटले. थोडेसे काही साधले नाही, तेवढे राहू दिले.

हालिनाबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला. "इथे आल्यावर दुकानात आमचे बाबा असेच बोलायचे. बेरिल, बोट काढ तिथून. चहा टाक."

आता हालिनाबाई नाहीत. माझा पट्टा सैल झाला आहे, मी माळ्यावर आहे. परवा त्यांची नात खाली म्हणत होती, "आजीचा आवाज आठवेनासा झालाय." थकलेल्या बेरिलबाईंना माझी आठवण झाली नाही.

मित्रांनो, कुणाच्या बोलण्याची नक्कल करण्याआधी तो काय सांगू पाहतो आहे ते ऐका. आणि तुमच्या माळ्यावर माझ्यासारखे कुणी असेल, तर धूळ पुसून खाली आणा. हालिनाबाई अजून माझ्यात आहेत. एका शब्दावर अडतात, मागे जातात आणि तो नीट म्हणतात.